नलूआत्याची गाडी आणि दोन मेंदूंचं मशीन

आत्मकथन लिहायला माणूस निदान साठीच्या पुढचा असावा, असा एक अलिखित नियम आहे. मी आत्ता कुठे चाळिशी ओलांडली आहे. पण परवा माझ्या मुलीने मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळात मला लागोपाठ हरवलं आणि "आई, तुझं वय झालं गं आता," असं अगदी प्रेमाने सांगितलं, तेव्हा वाटलं, उतारवय जाहीर झालंच आहे तर त्याचे फायदे तरी घ्यावेत. शिवाय हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. मुंबईत जेवढा काय हिवाळा असतो तेवढा एक अख्खा हिवाळा आमच्या मुलुंडच्या घरात हेच वाक्य नलूआत्याला उद्देशून बोललं जात होतं, आणि त्याला कारण होतं एक कॉम्प्युटर.

नलूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणायची आणि कामाला लागायची. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. सुरुवातीच्या काळात समोर भोकाभोकांचा मोठा बोर्ड असायचा आणि दोन्ही हातांनी वायरी उपसून या गावचा माणूस त्या गावाला जोडून द्यावा लागायचा. पुढे बोर्ड गेला, बटणं आली, पण हातांचा वेग गेला नाही. ती लसूण सोलायला बसली की आई बाकीची भाजी चिरेपर्यंत वाटी भरलेली असायची. पहाटे आमच्या घराला जाग यायची ती तिच्या तव्याच्या आवाजाने. आंबोळीचं पीठ तव्यावर पडल्याचा तो चर्रर्र आवाज, मग झाकण, मग बाबांच्या रेडिओची खरखर, मग खालच्या मजल्यावरच्या हार्मोनियमच्या क्लासचा सा. रविवारी काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि सोलकढी तीच करायची. आई म्हणायची, "वन्सं आहेत म्हणून माझं चाललंय." हे खरं होतं आणि पुढे जे झालं त्यात याचा मोठा वाटा होता.

रिटायर झाल्यावर आत्याने पहिले काही दिवस घरातले सगळे डबे घासले, मग घासलेलेच पुन्हा घासले. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर डोंगरातल्या रस्त्यांवरून गाडी पळवायचा एक खेळ. माझी गाडी पहिल्या वळणाला दरीत जायची, दुसऱ्या वळणापर्यंत ती मी फार कमी वेळा पाहिली. एका दुपारी आत्या मागे उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "सर जरा." ती बसली, बाणाच्या बटणांवर बोटं ठेवली, आणि पहिली दरी, दुसरी दरी, तिसऱ्या खेपेला गाडी रस्त्यावर. आठवडाभरात ती त्या घाटातून अशी उतरायला लागली, की बिल्डिंगमधली पोरं शाळेतून आल्यावर आमच्याकडे फक्त बघायला यायची. इंजिनाचा आवाज ऐकून वळण कधी घ्यायचं ते तिला कळायचं. डोळे मिटूनसुद्धा जमेल म्हणायची. बाबा पाहुण्यांना पोहे द्यायच्या आधी आत्याची गाडी दाखवायचे. "आमची ताई बघा. आहे का कोणाची अशी बहीण?"

त्याच सुमारास तिच्या बोरिवलीच्या जागेचा ताबा मिळाला. एक्स्चेंजच्या बायकांनी मिळून सोसायटी केली होती, ती इतकी वर्षं रखडली होती की आम्ही ती जागा घरात विनोदाला वापरायचो. कोणाला काही नको असलं की "आत्याच्या बोरिवलीच्या घरात ठेवू" म्हणायचो. आणि एक दिवस आत्या खरोखरच किल्ली घेऊन आली. जेवताना शांतपणे म्हणाली, "गुढीपाडव्याला मी तिकडे राहायला जाणार." बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. मुलुंडहून बोरिवली म्हणजे काही परदेश नव्हे, पण त्या रात्री बाबांचा चेहरा विमानतळावर सोडायला आल्यासारखा होता. "एकटी?" ते म्हणाले. "एकटीच," आत्या म्हणाली. "माझ्या नावावर एक दार असू दे रे, बाळ्या. उघडायचं की नाही, ते मी ठरवेन." बाबा कचेरीत हेडक्लार्क होते, केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण आत्यासाठी बाळ्याच.

दसऱ्याला बाबांनी नवीन कॉम्प्युटर आणला. माझ्या अभ्यासासाठी, असं अधिकृत कारण होतं. खरं कारण शेअर बाजार. स्टेशनजवळच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, की या मशीनला दोन मेंदू आहेत, आधी एक माणूस काम करायचा, आता दोघं करणार. हे वाक्य बाबांनी त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, दूधवाल्यालासुद्धा. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा असते. विळी, कात्री, मिक्सर, बाबांचा स्क्रूड्रायव्हर, आत्याचा जुना हेडफोन, आणि त्या वर्षी मधोमध तो काळा डबा. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, आपट्याची पानं, पुढे पेढा. एकदा पूजा झालेल्या वस्तूत खोट असू शकते, हा विचार आमच्या घरात कोणाच्या मनाला शिवणं शक्यच नव्हतं. जुना कॉम्प्युटर आईच्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेला. आमच्याकडे काही टाकून देत नाहीत, फक्त उंचावर ठेवतात.

खेळ नवीन मशीनवर घातला. चित्र काय सुंदर दिसायला लागलं. झाडांना पानं आली, दरीत पाणी चमकायला लागलं. आत्या बसली, गाडी निघाली आणि दुसऱ्याच वळणाला दरीत. ती हसली. पुन्हा निघाली, पुन्हा दरीत. पोरं कुजबुजायला लागली. "गाडी अडकता, मी नाय," आत्या म्हणाली. चिडली की ती मालवणीत जायची. आम्ही सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. गाडी छान पळत होती, आम्हाला काही अडकताना दिसेना. मी खेळून पाहिलं, माझीही गाडी दरीत गेली, पण ती जुन्या मशीनवरही जायची, त्यामुळे माझी साक्ष कोणी धरली नाही. बाबा प्रेमाने म्हणाले, "ताई, वय झालं गं आता. होतं असं."

मला आजही वाटतं, ते पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बोलून झाल्यावर त्या वाक्याचा उपयोग त्यांच्या लक्षात आला. पाडव्याला अजून अवकाश होता. मग बाबा आत्याकडे बघायला लागले. तिच्या हातून चमचा पडला की बघायचे. चाव्या शोधत असली की बघायचे. एकदा सकाळी दूध उतू गेलं आणि बाबा ओट्यासमोर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "इथे आम्ही आहोत म्हणून बरं. तिकडे एकटी असतीस तर?" आपणच ठेवून विसरलो असू, अशा चेहऱ्याने आत्या फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. आई खाली मान घालून कणीक मळत राहिली.

मग उपचार सुरू झाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं, त्यावर बाबा म्हणाले की मग डोळ्यांच्या मागे काहीतरी असेल. मेंदूच्या डॉक्टरांनी तिला सरळ रेषेत चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, आणि काही झालेलं नाही म्हणून घरी पाठवलं. बाबांनी हे फार गंभीरपणे घेतलं, कारण त्यांच्या मते डॉक्टरांनाही सापडत नाही म्हणजे प्रकरण खोल होतं. आई रोज भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीचं काहीतरी कडू द्यायची. आत्या ते निमूट घ्यायची. एवढ्या सगळ्या तपासण्या माणसाच्या झाल्या, मशीनच्या एकाही वायरीला कोणी हात लावला नाही. ते नवीन होतं, महाग होतं आणि त्याची पूजा झालेली होती. आत्याच्या बाबतीत यातलं काहीच खरं नव्हतं.

या सगळ्याकडे मी गंमत म्हणून बघत होते, एका संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी आम्ही दोघी बाजारातून येत होतो आणि जिना चढताना आत्याने कठडा धरला. आमच्या बिल्डिंगमध्ये कठडा फक्त लहान मुलं धरायची, घसरायला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "बाळ्या म्हणतो ते खरं असेल गं दीपा. आपलं आपल्याला कळत नाही." वर आल्यावर तिने बोरिवलीची किल्ली बाबांकडे दिली. भाडेकरू बघ म्हणाली. बाबांनी किल्ली घेतली. त्यांना आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. ते बराच वेळ किल्ली खिशात ठेवायला विसरले. माझ्या आत्याला कोणीतरी तिच्याच हातांनी हळूहळू म्हातारी करत होतं आणि त्या कोणीतरीमध्ये आम्ही सगळे होतो.

माळ्यावरचं मशीन उतरवलं ते मात्र कुठल्याही थोर हेतूने नाही. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची फाइल त्यात राहिली होती. रविवारची दुपार होती, आत कुकरच्या शिट्या चालल्या होत्या, मी जमिनीवरच मशीन जोडलं. फाइल मिळाली. तो खेळही तिथेच होता, धूळ न बसता. मी आत्याला म्हटलं, "बस ना जरा." नको म्हणाली. मी म्हटलं, "माझ्यासाठी." ती पाटावर बसली, बोटं ठेवली. गाडी पहिल्या वळणातून निघाली, दुसऱ्यातून निघाली, पूल, बोगदा, ते वाईट वळण, सगळं गुळगुळीत पार. घाट संपला. आत्या परत पहिल्यापासून उतरली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि बोटं चालूच होती.

मी बाबांना हाक मारली. त्यांनी उभ्याउभ्या एक घाट पाहिला आणि म्हणाले, "सवयीचं मशीन आहे ना. नवीन जमत नाही, हेच तर मी म्हणतोय." वकिलीत गेले असते तर बाबांनी नाव काढलं असतं.

तेव्हा मला कळलं की आता नवीन मशीनलाच बोलतं करावं लागणार. दुकानदाराला बोलावलं. त्याने मेमरी वाढवायला सांगितली, म्हणजे आणखी एक वस्तू विकायला काढली. मी खेळ काढून पुन्हा घातला, पडद्याचं चित्र पुन्हा साधं केलं, झाडांची पानं झाडली, दरीतलं पाणी आटवलं. आत्याची गाडी दरीतच. शेजारच्या पाटकर काकांनी सांगितलं, व्हायरस असेल. व्हायरस नव्हता. शेवटी इंटरनेटवर खेळणाऱ्या पोरांच्या गप्पांचं एक पान सापडलं. तिथे कुठल्यातरी लांबच्या देशातला एक मुलगा अगदी हीच तक्रार करत होता: नवीन मशीन, जुना खेळ, चित्र सुंदर, आणि गाडी हातात राहत नाही. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. खाली कोणीतरी कारण लिहिलं होतं. मशीनला दोन मेंदू आहेत आणि दोघांची घड्याळं वेगवेगळी, एक किंचित पुढे, एक किंचित मागे. जुना खेळ लिहिला गेला तेव्हा मेंदू एकच असायचा, त्यामुळे तो वेळ विचारतो ती कधी याला, कधी त्याला. दोन उत्तरं आली की त्याचा काळ मध्येच उडी मारतो. नुसतं बघणाऱ्याला ती उडी दिसेलच असं नाही. वळण घेणाऱ्याला लागते.

उपाय इतका साधा होता की मला रागच आला. खेळ चालू करायचा, मग तीन बटणं एकदम दाबून चालू कामांची यादी उघडायची, त्यात खेळाच्या नावावर क्लिक करून दोन मेंदूंपुढच्या दोन चौकोनांपैकी एकातली खूण काढून टाकायची. बस. दोन मेंदूंचं कौतुक म्हणून आणलेलं मशीन नीट चालायला त्यातल्या एकाला गप्प बसवावं लागत होतं. मी खूण काढली आणि आत्याला बसवलं. ती घाट उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं. "काय केलंस?" मी सांगितलं. तिने त्या चौकोनावर बोट ठेवून पाहिलं, मग म्हणाली, "बाळ्याला बोलाव. आणि मला काही सांगू नकोस, त्यालाच करू दे."

बाबा आले, त्यांच्या मागून आई, हातात पोळीचं लाटणं. आत्या खुर्ची फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसली. "ती खूण तू ठेव नाहीतर काढ," ती म्हणाली. "मला दाखवू नकोस. मी खेळून सांगते." बाबा हसले, पण त्यांचं हसू नेहमीचं नव्हतं. मी काढलेली खूण परत घातली आणि त्यांना जागा दाखवली. त्यांनी खूण काढली, यादी मिटवली. आत्या वळली, पहिलं वळण घेतलं आणि म्हणाली, "एकच आहे." परत कॅलेंडर. बाबांनी खूण घातली. "दोघं आहेत." गाडी दरीत, पण आत्या हसत होती. बाबांना घाम आला होता. पुढच्या खेपेला त्यांनी हेडक्लार्कची सगळी हुशारी पणाला लावली. यादी उघडली, माउस इकडेतिकडे खडखड फिरवला, आणि काहीच न बदलता यादी मिटवली. आत्याने गाडी काढली. पुलापर्यंतही गेली नाही. "तू काही केलंच नाहीस, बाळ्या, अजून दोघंच आहेत," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण दूध उतू गेलं होतं ना."

"दूध मी ठेवलं होतं," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती लाटण्याकडे बघत होती. "वन्सं नव्हत्याच तिथे. मी ठेवलं आणि विसरले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, त्या राहतील." मग तिने पदर डोळ्यांना लावला. आत्या उठली, तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला जवळ घेऊन म्हणाली, "अगं वेडे, राहा म्हणायचं होतंस. मी नाहीच म्हटलं असतं, पण म्हणायचं होतंस." बाबा खिडकीपाशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर टाकीची भिंत होती. तिकडे तोंड करूनच ते म्हणाले, "तू गेलीस की हे घर रिकामं वाटेल गं, ताई." इतके महिने इंजेक्शनं आणि बदाम यांच्या आड दडवलेलं ते एवढंच होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवली.

पाडव्याला आत्या बोरिवलीला गेली. गुढी तिने स्वतःच्या खिडकीत उभारली. सोबत काय नेऊ असं विचारलं तर तवा म्हणाली, आणि जुना कॉम्प्युटर. मुलुंडच्या घरी आंबोळ्या बंद झाल्या, पहाट एकदम मुकी झाली. मी मशीन दुरुस्त केलं आणि त्याची किंमत म्हणून आत्या गेली, हे मला तेव्हा फार दिवस टोचत राहिलं. पुढे माझ्याही नावावर एक दार झालं, तेव्हा टोचायचं थांबलं.

आता बाबांची पंच्याहत्तरी झाली आहे. उजवा हात कापतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि आम्ही सगळे तिकडे न बघण्यात पटाईत झालो आहोत. गेल्या दिवाळीत मी त्यांना आत्याकडे घेऊन गेले. भाऊबीज होती. आत्याने ओवाळलं, सांबारं केलं होतं. तिचं ते मशीन अजून चालू आहे, कोपऱ्यात, वर तिने विणलेलं झाकण. जेवणानंतर बाबा त्यापुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "बघू दे मलापण तुझा घाट." उभ्या जन्मात ते पहिल्यांदा तो खेळ खेळत होते. बोट बाणावर ठेवलं, ते थरथरत बाजूच्या बटणावर गेलं. गाडी दरीत. पुन्हा, पुन्हा दरीत. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला.

आत्या त्यांच्या मागे उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्या झाकलेल्या हाताकडे. त्या मशीनला मेंदू एकच आहे, मी ते स्वतः कितीदा उघडून साफ केलंय, आणि त्या सकाळीच आत्या त्यावरून घाट उतरून दाखवत होती. तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मशीन अडकतंय रे, बाळ्या," ती म्हणाली. "जुनं झालंय."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. "मला वाटलंच," ते म्हणाले.